छाया लिहिली, तरी भीती का वाटत नाही?

एका नव्या लेखकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांनी एक भयकथा लिहिली आहे. नायक शाळेत शिक्षक, दिवसा अत्यंत सौम्य, रात्री खुनी. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग वाचून त्यांनी कथेत आदिबंध, म्हणजे युंगच्या मते सगळ्या माणसांच्या मनात असलेले मूळ साचे, नेमाने आणले आहेत: आरशात छाया, स्वप्नात वाट दाखवणारा ज्ञानी वृद्ध, मुलांना गिळणारी भयंकर माता. वाचणारे म्हणतात, ‘बांधणी चांगली आहे, पण भीती वाटली नाही.’ लेखक विचारतात, माझा मानसशास्त्राचा अभ्यास कमी पडला का?

तुमचा अभ्यास कमी पडलेला नाही. त्या अभ्यासाखाली तुमचा शिक्षक दबून गेला आहे.

मी बावीस वर्षं भयकथांचं संपादन करतो आहे, स्वतःही लिहितो. तुमची कथा दोनदा वाचली, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. आरशातलं प्रतिबिंब काळ्याभोर डोळ्यांनी हसतं, त्या ओळीशेजारी मी समासात लिहिलं, ‘हा कोण?’ कारण तो तुमच्या शिक्षकाचा कुणीच लागत नाही. तोच आरसा एखाद्या डॉक्टरच्या, वकिलाच्या किंवा गवंड्याच्या घरात टांगला, तरी त्यात तोच हसला असता.

‘छाया म्हणजे माझ्यातला दुष्ट माणूस’ ही समजूत फार पसरली आहे आणि बहुतेक फसलेल्या कथांचं मूळ मला तिथेच सापडतं. युंगच्या मांडणीत छाया म्हणजे माणसाने ‘हे माझं नाही’ म्हणून बाजूला सारलेलं सगळं. त्यात क्रौर्य असेल, तसा मत्सर असेल, हाव असेल, लाडावून घ्यायची भूक असेल. चांगल्या गोष्टीही असतात. लहानपणापासून आज्ञाधारक म्हणून वाखाणलेल्या माणसाचं धाडस त्याच्या छायेत जाऊन बसलेलं असतं. चारचौघांत वावरताना आपण जो मुखवटा घालतो, त्याच्या मागे जे मावत नाही ते छायेत जातं. म्हणून छाया लिहायची तर आधी मुखवटा नीट बघावा लागतो. तुमच्या शिक्षकाला स्वतःबद्दल सर्वांत जास्त अभिमान कशाचा आहे? हे तुम्ही पहिल्याच पानावर सांगितलंय: ‘मी आजवर एकाही मुलावर आवाज चढवला नाही.’ मग त्याची छाया त्या वाक्याच्या पाठीमागे आहे. खून तिथे नाही. खून तुम्ही बाहेरून आणलात, कारण भयकथेत खून असावा असं वाटलं.

स्टीव्हन्सनची जेकिल आणि हाइडची कथा 1886 साली आली. सगळ्यांच्या डोक्यात तिचं चित्र असतं, जेकिल हा भला डॉक्टर आणि औषध घेतल्यावर त्याच्यातूनच बाहेर येणारा हाइड हा राक्षस. पण जेकिलचा शेवटचा कबुलीजबाब सावकाश वाचा. तो म्हणतो, माझा मोठा दोष काय होता, तर मौजमजेची अनावर ओढ. दुसऱ्या कुणी ती मिरवलीही असती. पण मला लोकांसमोर मान ताठ ठेवून गंभीर चेहऱ्याने वावरायचं होतं, म्हणून मी ती ओढ लाजेने लपवली. म्हणजे त्याची दोन शकलं झाली ती पापामुळे नव्हे, प्रतिष्ठेच्या हौसेमुळे. हाइड नंतर जी भयंकर कृत्यं करतो, ती त्या दडपलेल्या जागेत वाढलेली आहेत.

त्याच कथेतल्या दोन बारीक गोष्टी मी नव्या लेखकांना आवर्जून दाखवतो. हाइड जेकिलपेक्षा ठेंगणा आणि वयाने तरुण आहे. जेकिल त्याचं कारण देतो: आयुष्यभर ही बाजू कमी वापरली गेली, म्हणून ती खुरटी राहिली आणि कमी झिजली. पुढे त्याला वाटू लागतं, हाइडचं अंग भरत चाललंय. मानसशास्त्रातली एक पूर्ण कल्पना स्टीव्हन्सनने उंचीत आणि ढगळ कपड्यांत मांडली, युंग तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. दुसरी गोष्ट त्या सकाळची. जेकिल स्वतःच्या घरी, स्वतःच्या बिछान्यात जागा होतो. अर्धवट झोपेत पांघरुणावरच्या हाताकडे नजर जाते. त्याचा हात मोठा, गोरा, डॉक्टरला शोभेसा. पांघरुणावरचा हात शिरा उठलेला, सावळा, दाट केसांचा. तो जवळजवळ अर्धा मिनिट त्या हाताकडे नुसता बघत राहतो आणि मग भीती जागी होते. तो अर्धा मिनिट तुमच्या कथेत कुठेच नाही. तुमचा नायक आरशात बघतो आणि त्याच वाक्यात किंचाळतो.

हाइडच्या चेहऱ्यात नेमकं काय विकृत आहे, हे मात्र त्या कथेत कुणालाही सांगता येत नाही. बघणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, पण बोट ठेवता येत नाही. काळेभोर डोळे देऊन तुम्ही वाचकाचं ते चाचपडणं काढून घेतलंत.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1919 साली अशा भीतीवर एक निबंध लिहिला. जर्मनमध्ये ‘हाइमलिश’ म्हणजे घरातलं, ओळखीचं. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ झाकलेलं, गुपित ठेवलेलं. दुसरा अर्थ ताणत गेला की तो ‘उनहाइमलिश’ला, म्हणजे त्याच्या उलट्या शब्दाला, अंगावर काटा आणणाऱ्या अनोळखीला जाऊन भिडतो. त्याचं म्हणणं असं की अशी भीती परक्या गोष्टीची नसते. एकेकाळी आपलीच असलेली, दडपलेली गोष्ट परत आली की ती वाटते. निबंध जड आहे, पण त्याच्या एका तळटीपेत फ्रॉइडने स्वतःवर गुदरलेला प्रसंग दिलाय. तो रेल्वेच्या शयनयानात एकटा बसला होता. गाडीला जोराचा हिसका बसला, शेजारच्या न्हाणीघराचं दार उघडलं आणि घरात घालायचा झगा आणि प्रवासी टोपी घातलेला एक म्हातारा आत शिरला. हा माणूस चुकून माझ्या डब्यात आला, असं वाटून फ्रॉइड त्याला सांगायला उठला. मग लक्षात आलं, उघड्या दाराच्या आरशात आपणच आहोत. तो पुढे लिहितो, तो म्हातारा मला मुळीच आवडला नव्हता, हे मला अजून आठवतं.

तुमच्या आरशाच्या प्रसंगासमोर हा प्रसंग ठेवून बघा. इथे कुणी भेसूर हसत नाही. एक माणूस स्वतःला न ओळखता क्षणभर बघतो आणि त्याला तो माणूस आवडत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री खोलीतला आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. कुठल्या भुतासाठी मी तसं कधी केलेलं नाही.

आता आदिबंधांकडे येतो. माता, वृद्ध, बालक, धूर्त विदूषक ही नावं वाचली की वाटतं, ही तयार पात्रं आहेत, उचलून कथेत ठेवावीत. युंग स्वतः मात्र पुन्हा पुन्हा सांगत होता की आदिबंध हा रिकामा साचा आहे. त्याने स्फटिकाचा दाखला दिला. द्रावणात स्फटिक कोणत्या अक्षांवर वाढेल हे आधीच ठरलेलं असतं, पण ते अक्ष डोळ्यांना दिसत नाहीत. दिसतो तो प्रत्यक्षात घडलेला खडा, आणि प्रत्येक खडा वेगळा. तुम्ही कथेत अक्ष ठेवलेत, खडा ठेवला नाहीत. ‘स्वप्नात एक भयंकर माता आली’ हे वाक्य कल्पनेचं नाव सांगतं, बाई दाखवत नाही.

यासाठी मला युंगचंच एक स्वप्न आठवतं. 1909 साली तो आणि फ्रॉइड जहाजाने अमेरिकेला व्याख्यानांसाठी गेले. त्या प्रवासात दोघं एकमेकांची स्वप्नं उलगडत असत. युंगला स्वप्नात एक दुमजली घर दिसलं. वरचा मजला जुन्या सुबक सामानाने सजलेला. खालचा त्याहून पुरातन, मध्ययुगीन. त्याखाली तळघर, भिंती रोमन काळातल्या. तळघराच्या फरशीत कडी बसवलेला दगड, तो उचलला तर खाली उतरणाऱ्या अरुंद पायऱ्या आणि एक गुहा. गुहेत धूळ, हाडं, फुटकी मडकी आणि दोन जीर्ण कवट्या. फ्रॉइडला घराच्या मजल्यांत रस नव्हता. तो विचारत राहिला, त्या कवट्या कुणाच्या? कुणाच्या मरणाची इच्छा तुझ्या मनात आहे? युंगला तसं काही वाटत नव्हतं, पण वाद नको म्हणून तो खोटं बोलला: माझ्या बायकोची आणि मेव्हणीची. फ्रॉइडचं समाधान झालं. युंगने मात्र त्या घरातून सामूहिक नेणिवेची कल्पना वर काढली, म्हणजे व्यक्तीच्या आठवणींच्या खाली सगळ्या मानवजातीचा एक थर असतो ही कल्पना.

हा प्रसंग मानसशास्त्राच्या इतिहासात दोघांच्या मतभेदाचा म्हणून सांगितला जातो. मी तो भयकथा लिहिणाऱ्यांना सांगतो, कारण आपल्याला दोघंही लागतात. जिना उतरून अंधारात जाणं सगळ्यांच्या ओळखीचं असतं, ते युंगचं. पण खाली पोचल्यावर वाचक फ्रॉइडचाच प्रश्न विचारतो, कवटी कुणाची? तुमच्या कथेत तळघर आहे, कवटीवर नाव नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सामूहिक नेणीव ही प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्ट नाही, आजच्या शास्त्रीय मानसशास्त्रात तिला फारसं स्थान नाही. लेखकाला ती वाचण्याचं साधन म्हणून उपयोगी पडते, रोगनिदान म्हणून नव्हे. याच कारणासाठी तुमच्या सातव्या पानावरचा तो डॉक्टर काढून टाका, जो नायकाला ‘दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व’ आहे असं जाहीर करतो. छाया प्रत्येकाला असते, तो आजार नाही. आणि मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणाला इजा करत नाहीत, उलट त्यांनाच इतरांकडून इजा होण्याची शक्यता जास्त असते. आजाराला राक्षस करणाऱ्या कथा खूप झाल्या, मी आता तशी संहिता स्वीकारत नाही. कथेच्या दृष्टीनेही त्यात नुकसान आहे. निदान झालं की वाचक सुटतो: हे त्याला झालं, मला होणार नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या भयपटांनी नेमकी ही सुटकेची वाट बंद केली आणि तिथून शिकण्यासारखं खूप आहे. (पुढे दोन चित्रपटांचे शेवट उघड करतो आहे.) 2014 सालच्या ‘द बाबाडूक’मध्ये एक विधवा आई आहे. तिला प्रसूतीसाठी रुग्णालयात नेताना अपघात झाला, त्यात नवरा गेला. मुलाचा वाढदिवस आणि नवऱ्याचं मरण एकाच तारखेला. आईला कधीही उच्चारता न येणारी गोष्ट अशी की हा मुलगा तिला नकोसा वाटतो. मुलांच्या चित्रपुस्तकातून घरात येणारा राक्षस त्या नकोशा वाटण्याचा आकार आहे. नाकाराल तितका तो बळावतो, असं ते पुस्तकच तिला बजावतं. शेवटी राक्षस मरत नाही. तो घराच्या तळघरात राहतो आणि आई गांडुळांनी भरलेला वाडगा घेऊन त्याला खायला घालायला खाली जाते. भयंकर माता म्हणतात ती ही. किती साधी, थकलेली बाई आहे, आणि तिच्या हातात वाडगा आहे.

2019 सालच्या ‘अस’ (Us) या चित्रपटामध्ये छाया एका माणसापुरती राहत नाही. जमिनीखालच्या बोगद्यांत वरच्या प्रत्येकाची प्रतिरूपं सडत पडली आहेत आणि एके दिवशी ती वर येतात. आपण एका आईच्या बाजूने जीव मुठीत धरून बघत असतो. शेवटी कळतं, लहानपणी जागा बदलून खालून वर आलेली तीच होती, खरी मुलगी इतकी वर्षं खाली अडकलेली. पूर्ण वेळ आपण छायेच्या बाजूने होतो, आणि ते कळल्यावरही तिचं वाईट चिंतवत नाही. फ्रॉइडचा शिष्य ओटो रांक याने 1914 साली प्रतिरूपावर लिहिताना म्हटलं होतं की दुसरा ‘मी’ मुळात माणसाने मृत्यूपासून संरक्षण म्हणून कल्पिला आणि पुढे तोच मृत्यूचा दूत झाला. या चित्रपटात वरचा आणि खालचा, कोण कुणाचं संरक्षण आणि कोण कुणाचं मरण, हे शेवटपर्यंत सुटत नाही.

आता तुमच्या कथेत हात घालतो. राग मानू नका, मला तुमचा शिक्षक मनापासून आवडलाय.

छाया माणसाला आधी स्वतःत दिसत नाही, दुसऱ्यात दिसते. दुसऱ्याच्या एखाद्या सवयीचा अवाजवी संताप येतो, तिथे खणावं. याला प्रक्षेपण म्हणतात. तुमच्या कथेत एक सहकारी आहे, मुलांवर ओरडणारा, तुम्ही त्याला दोन ओळींत संपवलाय. त्याला परत आणा. नायक त्याचा तिरस्कार करतो. पण मधल्या सुट्टीत मुलं त्या ओरडणाऱ्या मास्तरांच्या अंगाखांद्यावर लोंबकळत असतात, आणि आपला नायक व्हरांड्यात आला की पांगतात. नायकाला वाटतं, हा आदर आहे. ‘आदर’ हा शब्द त्याच्या तोंडी चार-पाच वेळा येऊ द्या.

मग आरशाच्या जागी हे ठेवून बघा. रात्री तो निबंधाच्या वह्या तपासतोय, विषय ‘माझे आवडते शिक्षक’. एका मुलीने त्याच्यावर लिहिलंय:

‘आमचे सर कधीच ओरडत नाहीत. ते नुसते उभे राहतात. मग आम्ही गप्प होतो. एकदा मन्या रडत होता तेव्हा सर त्याच्याजवळ येऊन उभे राहिले. मन्या रडायचा थांबला. तो अजून रडत नाही.’

तो शेवटच्या वाक्यापाशी थांबतो. लाल पेन हातात आहे. काही वेळाने लक्षात येतं की आपल्या गालांचे स्नायू दुखतायत, म्हणजे आपण बराच वेळ हसत होतो. आणि वहीच्या समासात, त्याच वाक्याशेजारी, त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं आहे, ‘छान’. ते कधी लिहिलं हे त्याला आठवत नाही.

खून नाही, रक्त नाही. पण आता त्याच्या अभिमानाच्या वाक्याची दुसरी बाजू वाचकाला दिसली: आवाज न चढवता मुलं भितात, आणि ते त्याला आवडतं. इथून पुढे प्रतिरूप आणायला माझी हरकत नाही. फक्त ते त्याला स्वतःला दिसू नये. दुसऱ्या दिवशी त्याच मुलीची आई शाळेत येते आणि संकोचून विचारते, ‘सर, काल रात्री तुम्ही आमच्या दारापाशी का उभे होतात? बेल तरी वाजवायची.’ हा म्हणतो, मी तर घरीच होतो. ती म्हणते, ‘नाही, म्हणजे, तुम्ही काही बोलला नाहीत. नुसते उभे होतात.’

दिवसा जे तो वर्गात करतो, तेच रात्री दारांपुढे होतंय, एवढंच. हाइडला जशी ढगळ कपड्यांची गरज होती, तशी या छायेला याच्याच उभं राहण्याच्या ढबीची गरज आहे. एका घरी ती दारात दिसेल, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याकडे जिन्यावर, मग कुणाच्या तरी पलंगाच्या पायथ्याशी. आणि वर्गातली मुलं दिवसेंदिवस जास्त शहाणी होत जातील. मुख्याध्यापक कौतुक करतील. ते कौतुक त्याला आवडेल, आणि वाचकाला तिथे सर्वांत जास्त भीती वाटेल असा माझा अंदाज आहे.

भयंकर माता स्वप्नातून काढून घरात आणा. म्हातारी आई त्याच्याजवळच राहू दे, नातेवाइकांना कौतुकाने सांगणारी, ‘हा लहानपणी कधी रडलाच नाही.’ मन्याचं वाक्य आणि आईचं वाक्य कुणीही जोडून दाखवू नका. वाचक जोडेल. ज्ञानी वृद्ध कथेत कशासाठी आहे ते मला दोनदा वाचूनही कळलं नाही, त्याला काढलात तर तीन पानं वाचतील.

उरला शेवट. छायेच्या कथांचे शेवट मला मुख्यतः तीन तऱ्हांचे दिसतात. दोघं एकत्र मरतात, जेकिलसारखे. जागा बदलतात. किंवा माणूस तिला ओळखून, खायला घालून, घरात ठेवतो. तुम्ही आरसा फोडलाय आणि सकाळचं ऊन आणलंय, म्हणजे छाया बाहेरची होती आणि गेली. तसं होत नाही. तुमच्या शिक्षकासाठी मला दुसरी वाट जवळची वाटते, पण थोडी वळवून. एका रात्री तो ठरवतो, आज जागं राहून बघायचं. आईच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसतो. पहाटे आई दार उघडते, त्याला बघून दचकते आणि मग लहान मुलासारखी गप्प होते. तो तिला विचारतो, काय झालं. ती त्याच्या मागे, खुर्चीच्या पाठीकडे बघत असते.

तो मागे वळून बघतो की नाही, हे तुम्ही ठरवा. मी असतो तर त्याला आधी अर्धा मिनिट तसाच बसू दिला असता.